लेखनशंका : कुत्र्याला बाहेर कुणी नेलं?

या खेपेच्या टपालात एकाच जातीच्या शंका ढिगाने आल्या. माणसं आणि रूप पालटणारे धोकादायक जीव एकाच शहरात राहतात, खून पडतो, आणि लेखक अडतो. काही प्रश्न एकत्र करून, काहींची काटछाट करून उत्तरं देत आहोत. अशा जिवांना इथे सरसकट 'रूपधारी' म्हटलं आहे. काहींनी 'बहुरूपी' लिहिलंय, पण बहुरूपी सोंग घेतो, त्याचा देह तोच राहतो. तो शब्द त्याच्याकडेच राहू द्या.

प्रश्न : माझ्या कादंबरीत आठव्या मजल्यावर, आतून कडी लावलेल्या घरात एका वकिलाचा गळा आवळून खून होतो. खुनी कावळा होऊन झरोक्यातून आत येतो, माणूस होतो, खून करतो आणि कावळा होऊन उडून जातो. हे शेवटच्या प्रकरणात कळतं. वाचलेल्या तिघांनीही 'ही फसवणूक आहे' असं सांगितलं. शहरात रूपधारी आहेत हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय. मग फसवणूक कुठे झाली?

उत्तर : पहिल्या पानावर तुम्ही रूपधारी आहेत एवढंच सांगितलंत. त्यांना काय जमत नाही ते सांगितलं नाहीत. जो काहीही होऊ शकतो त्याच्यापुढे कडीला अर्थ नाही, आणि कडीला अर्थ नसेल तर बंद खोलीचं कोडंच उरत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली हेरकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला दुसरा नियम अमानवी शक्तींना सरळ बाद करतो. दहावा सांगतो, की जुळी भावंडं किंवा हुबेहूब तोतये आणायचे तर वाचकाला आधी तयार करा. तुमच्या प्रकारात दुसरा नियम मोडणं भाग आहे, म्हणूनच दहावा दुप्पट कडक पाळायचा.

सुरुवात वजनापासून करा. साठ किलोचा माणूस काही शे ग्रॅमचा कावळा झाला, तर उरलेले एकोणसाठ किलो गेले कुठे? उत्तरं तीनच संभवतात. वस्तुमान कायम राहतं, किंवा ते कुठेतरी ठेवून यावं लागतं, किंवा जादूने नाहीसं होतं. तिसरं उत्तर सर्वांत सोपं आणि रहस्यकथेला सर्वांत घातक. दुसऱ्यात गंमत आहे, कारण ठेवलेलं एकोणसाठ किलो कुणाला तरी सापडू शकतं, पण ते सांभाळणं अवघड. आमचा कौल पहिल्याला. वस्तुमान कायम धरलं की यादी आपोआप आखडते. बिबट्या, लांडगा, तरस, मोठा अजगर आणि धिप्पाड कुत्रा हे साठ किलोच्या आसपास बसतात. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड जातीही वीस किलोच्या आतच थांबतात, त्यामुळे उडणं बाद. उंदीर, पाल, मांजर बाद. हे सगळं वाचकाला पहिल्या पन्नास पानांत, खुनाशी संबंध नसलेल्या प्रसंगातून कळायला हवं. लिफ्टमध्ये चार माणसं आणि एक लांडगा शिरल्यावर जादा वजनाची घंटा वाजते, एवढं पुरे.

आता तुमचं कोडं सोडवून पाहू. वकिलाकडे मोठा कुत्रा आहे. प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्यात शुक्रवारी संध्याकाळी वकील आणि कुत्रा आत जाताना दिसतात. सोमवारी सकाळी दार फोडेपर्यंत बाहेर कुणीच येत नाही. आत प्रेत, गळ्यावर माणसाच्या अंगठ्यांचे वळ, आणि कोपऱ्यात गुरगुरणारा कुत्रा. चौकीदार त्याच्या गळ्यात साखळी अडकवून त्याला खाली नेतो, आणि संध्याकाळपर्यंत कुत्रा पळून गेलेला असतो. खुनी पोलिसांदेखत, चौकीदाराच्या हाताने बाहेर पडला. किती आत गेले आणि किती बाहेर आले, हा हिशेब वाचकाच्या डोळ्यांसमोर होता. त्याने कुत्रा मोजला नाही, ही त्याची चूक.

पण एक खूण पेरावीच लागेल. कुत्र्याच्या डोळ्यात नेत्रपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, माणसाच्या डोळ्यात तो नसतो. म्हणून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कुत्र्याचे डोळे बहुधा हिरवट-पिवळे चमकतात, तर माणसाचे लाल दिसतात. तुमच्या जगात डोळे शेवटपर्यंत माणसाचेच राहतात असा नियम ठेवा. भिंतीवर वकिलाच्या जुन्या कुत्र्याचा हिरव्या डोळ्यांचा फोटो दुसऱ्या प्रकरणात टांगा, आणि पोलिसांनी घटनास्थळी काढलेल्या फोटोत लाल ठिपके दाखवा. सावधगिरी एकच : निळ्या डोळ्यांच्या काही कुत्र्यांत हा थर नसतो, त्यांचेही डोळे लाल येतात. म्हणून कुत्रा तपकिरी डोळ्यांचा हवा आणि तसं लिहिलेलं हवं. रात्रीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर मात्र ही खूण टाकू नका. दिवा भिंगाजवळ असेल तर त्यात माणसाची बाहुलीही पांढरी चमकते.

प्रश्न : रूपांतर किती वेळात व्हावं? मी 'क्षणार्धात' लिहिलंय. आणि कपड्यांचं काय करायचं?

उत्तर : क्षणार्धात झालं तर तुमचं पात्र शिजेल. हे शब्दशः घ्या. साठ किलोच्या शरीरात साधारण नऊ-दहा किलो प्रथिनं असतात. त्यांतली निम्मी मोडून नव्याने बांधायची म्हटली, तर दर ग्रॅमला ढोबळमानाने एक किलोकॅलरी धरून पाच हजार किलोकॅलरी लागतात. मोठ्या माणसाच्या दोन दिवसांहून जास्त जेवणाची ही ऊर्जा, आणि तिची शेवटी उष्णता होते. एवढी उष्णता एका मिनिटात साठ किलोच्या देहात सोडली तर तापमान शंभर अंशांनी चढेल. दहाव्या हिश्शाने काम भागतं असं मानलं तरी दहा अंश चढतातच, आणि शरीर त्रेचाळीसच्या पुढे टिकत नाही.

हेच काम दहा तासांवर पसरलं तर तासाला पाचशे किलोकॅलरी पडतात, म्हणजे बेताच्या वेगाने सतत धावण्याइतकं. असह्य, पण जगण्याजोगं. मग घाम पाहा. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, म्हणजे पाच हजारांसाठी साडेआठ लिटर पाणी. तुमच्या गुप्तहेराला इथे केवढं घबाड मिळतं ते बघा : बंद खोलीच्या काचांवर आतून साचलेलं पाणी, ओल आलेली गादी, रिकाम्या झालेल्या पाण्याच्या कळश्या, मिठाची रिकामी बरणी, आणि दुसऱ्या दिवशी तीन माणसांचं जेवण जेवणारा संशयित. शिवाय कुत्र्यासारख्या जनावराला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं. म्हणून जनावरातून माणूस होताना सुरुवातीचे तास सर्वांत धोक्याचे. तिथे एखादा रूपधारी उष्माघाताने मरू शकतो, आणि तो खून आहे की अपघात हा वेगळा कोडेवजा प्रश्न होतो. खोलीतली वातानुकूलन यंत्रणा कुणी बंद केली?

वरच्या वकिलाच्या गोष्टीला हाच हिशेब लावा. कुत्र्याचा माणूस आणि माणसाचा पुन्हा कुत्रा, म्हणजे वीस तास आणि सतरा लिटर पाणी. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ यात ते बसतं. पण दहा तास आपल्याच घरात कुत्र्याचा माणूस होताना वकील बघत बसला? म्हणजे कुत्रा कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याने एका फरार अशिलाला पाळीव कुत्रा म्हणून घरात दडवलं होतं. खुनाचा हेतू आता तुम्हाला बाहेरून आणायला नको, तो वेळेच्या नियमातूनच निघाला. 'क्षणार्धात' या एका शब्दाने तुम्ही तो गमावला होता.

कपड्यांबद्दल थोडक्यात : ते मागे राहतात. अंगठी, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, कृत्रिम दात, हाडात बसवलेली पट्टी यांचं काय होतं ते एकदाच ठरवून लिहून ठेवा. पट्टी पायाच्या हाडात असेल आणि हाडाची लांबी बदलली तर स्क्रू उखडणार. म्हणून ज्याच्या मांडीत पट्टी आहे तो संशयित सुटतो, किंवा सुटला असं वाटतं. केस आणि नखं हे तर घड्याळच आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, हाताची नखं तीन मिलिमीटर. दर रूपांतरात केस गळून नव्याने उगवत असतील तर केसांना लावलेला रंग टिकणार नाही, आणि ज्याचे केस कमरेपर्यंत आहेत त्याने कित्येक वर्षांत रूप पालटलेलं नाही. टोप घालणारा संशयित आता एकदम महत्त्वाचा होतो.

काही लोककथांत रूपांतर एखाद्या वस्तूने होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कथांतल्या सीलकन्या सील या समुद्री प्राण्याचं कातडं उतरवून बाई होतात, आणि कातडं लपवलं की परत जाऊ शकत नाहीत. हा प्रकार रहस्यकथेला फार मानवतो, कारण वस्तू चोरता येते, गहाण पडते, दुसऱ्याच्या कपाटात सापडते.

प्रश्न : माझा रूपधारी जनावर होत नाही, दुसरा माणूस होतो. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळं हुबेहूब. मग त्याला पकडायचं कसं?

उत्तर : सगळं हुबेहूब असेल तर पकडता येणार नाही, आणि तशी कथा लिहू नये. काहीतरी सुटायलाच हवं. नल-दमयंतीची गोष्ट पुन्हा वाचा. स्वयंवरात पाच नल बसलेले, त्यांतले चार देव. देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ बसत नाही, सावली पडत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. खरा नल तो, ज्याची माळ सुकली आहे आणि जो धुळीने, घामाने भरला आहे. खूण तोतयाच्या अंगावर नव्हती, माणसाच्या अंगावर होती. तोतया जास्तच स्वच्छ, जास्तच पुरा असतो. नक्कल करणाऱ्याला चेहरा मिळतो, पण गेल्या आठवड्यात भाजलेलं बोट, चपलेची एका बाजूची झीज, लिहिताना मधल्या बोटाला पडलेला घट्टा हे मिळत नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. दमयंतीला या खुणा थोरांकडून ऐकून माहीत होत्या, पण त्या आधी दिसल्या नाहीत. तिने विनवणी केली तेव्हा देवांनी आपली लक्षणं स्वतःहून दाखवली. तुमच्या गुप्तहेराला ही सोय नाही. त्याने खूण जबरदस्तीने बाहेर काढायला हवी : पाचही जणांना तासभर उन्हात उभं करणं, अंधारात त्यांना त्यांच्याच घराच्या कुलपाशी नेणं, एकाच वाक्याखाली सह्या करायला लावणं. हातांना आलेली सवय चेहऱ्याबरोबर येत नाही, हा नियम केला तर सही पुरेशी आहे.

आवाजाच्या बाबतीत मारीच विसरू नका. त्याने सोन्याच्या हरणाचं रूप घेतलं, आणि मरताना रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. लक्ष्मण पर्णकुटीपासून दूर गेला तो त्या हाकेमुळे. 'मी त्याचा आवाज ऐकला' एवढ्यावर उभी असलेली साक्ष रूपधाऱ्यांच्या शहरात कुणी ग्राह्य धरू नये, आणि तुमच्या पोलिसांना हे माहीत असायला हवं. नाहीतर ते मूर्ख वाटतात.

प्रश्न : रूपधाऱ्यांना चांदी सोसत नाही असं मानतात, त्या चांदीचं काय? सगळेच वापरतात म्हणून मीही चांदीची गोळी वापरली.

उत्तर : गोळी हा चांदीचा सर्वांत कंटाळवाणा उपयोग आहे, आणि ती घरी ओतली असं दाखवणार असाल तर जपून. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदी ९६२ अंशांना, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीवर जमणार नाही. चांदी शिशाहून कठीण असल्याने बंदुकीच्या नळीतल्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) नीट धरत नाही आणि नेम बिघडतो. चुकलेली गोळी हा मात्र चांगला पुरावा आहे.

त्याऐवजी चांदी जिथे लोकांना दिसत नाही तिथे शोधा. दातांत भरायच्या करड्या अमाल्गममध्ये निम्मा पारा असतो आणि उरलेल्यात मुख्यतः चांदी, कथिल, तांबं. ज्याच्या दाढेत असं भरण आहे तो रूपधारी असू शकत नाही. एका दंतवैद्याच्या नोंदवहीने अर्धे संशयित बाद होतात, आणि नोंदवही बदलली गेली असेल तर कथा रंगते. भाजल्यावर लावायच्या एका नेहमीच्या मलमात एक टक्का चांदीचं संयुग असतं. रुग्णालयात भाजलेल्या अनोळखी माणसाला ते लावलं आणि जखम चिघळली, तर परिचारिकेला कुणीही न सांगता सत्य कळलं. जुन्या एक्स-रे फिल्मवर चांदी असते. आरशामागचा थर कधी चांदीचा, कधी अ‍ॅल्युमिनियमचा. एकाच माणसाला एक आरसा चालतो आणि दुसरा चालत नाही, याचा अर्थ लावायला वाचकाला दहा पानं द्या.

प्रश्न : प्रयोगशाळेत रूपधाऱ्याचा केस, रक्त, पाऊलठसे गेले तर अहवालात काय येईल?

उत्तर : पाऊलठसे सर्वांत सोपे. कुत्र्याच्या कुळात चार बोटं आणि नख्यांचे टोच दिसतात. मांजरकुळात नख्या आत ओढलेल्या असल्याने ठसा गोलसर, नख्यांविना उमटतो आणि मागच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. चित्ता हा याला अपवाद, त्याच्या नख्या उमटतात. दोन्ही कुळं बोटांवर चालतात, माणूस टाचेसकट पूर्ण तळव्यावर. कुत्र्यासारख्या जनावराचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचे ठसे जास्त खोल. तुमच्या रूपधाऱ्याला चार पायांवर चालायची सवय नसेल तर भार मागे राहील आणि मागचे ठसे खोल येतील. अनुभवी मागकाढ्या हे बघून थबकेल. नवखा खुनी आणि जन्मजात खुनी यांतला फरक चिखलातच कळतो.

केसात मधला गाभा पाहतात. माणसाच्या केसात तो असलाच तर जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी असतो, बहुतेक जनावरांत निम्म्याहून जास्त. अर्धवट रूपांतरात गळलेला केस असेल तर? टोकाकडे माणसाचा, मुळाकडे जनावराचा. केस मुळाकडून वाढतो, त्यामुळे मुळाचं टोक हे नंतरचं रूप. हा एकच केस रूपांतराची दिशा सांगतो. बहुतेक लेखक नेमकं उलट लिहितात.

रक्ताबद्दल एक खरी गोष्ट उपयोगी पडेल. जर्मनीतल्या र्‍यूगेन बेटावर १९०१ साली दोन लहान मुलांचे छिन्नविच्छिन्न देह सापडले. त्याआधी तिथल्या मेंढ्याही तशाच फाडलेल्या सापडल्या होत्या. संशयित लुडविग टेस्नोव सुतार होता, कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी पाउल उलेनहुट याने माणसाचं आणि जनावराचं रक्त वेगळं ओळखण्याची चाचणी मांडली होती. तिने काही डाग माणसाच्या रक्ताचे आणि काही मेंढीच्या रक्ताचे ठरवले. त्याच्याआधी हे सांगता येत नव्हतं. तुमची कथा १९०१ च्या आधी घडत असेल तर पोलिसांच्या हाती ही चाचणी देऊ नका. नंतर घडत असेल तर आधी ठरवा : रूपधाऱ्याचा डाग दोन्हीला प्रतिसाद देतो, की ज्या रूपात सांडला त्यालाच? आम्ही दुसरं निवडू. कारण मग जखम झाली तेव्हा तो कोणत्या रूपात होता हे डाग सांगतो, आणि 'मी तेव्हा माणूस होतो' हे खोटं उघडं पडतं.

प्रश्न : माझी गुप्तहेर स्वतःच लांडगी होते. पण मग ती वास घेते आणि खुनी सापडतो. कथा चाळीस पानांत संपते.

उत्तर : तिला नाक द्या, पण नाकाच्या मर्यादाही द्या. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. कोण आलं, कोणत्या दिशेने गेलं, कोणता माग ताजा, हे ती सांगेल. का आलं हे सांगता येणार नाही. नेमकी वेळही नाही. घरात रोज वावरणाऱ्याचा वास घरात असणारच, म्हणून खुनी घरातला असेल तर तिचं नाक निकामी आहे. खून घरातल्याने केला असं ठरवा, तुमचा निम्मा प्रश्न सुटला.

उरलेला निम्मा डोळ्यांनी सुटेल. कुत्र्याच्या कुळाला निळा आणि पिवळा नीट दिसतो, तांबडा आणि हिरवा यांत घोळ होतो. लांडगीच्या रूपात तिने पाहिलेली गाडी 'मळकट पिवळी' होती. माणसाच्या रूपात तीच गाडी समोर आली तर ती तांबडी निघेल आणि ती ओळखणार नाही. तिची साक्ष प्रामाणिक आहे आणि चूकही आहे. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर ही चूक वाचकाच्या अंगावर पडते. त्यासाठी आधीच एका निरुपद्रवी प्रसंगात, फुलांच्या किंवा पतंगांच्या निमित्ताने, तिचा रंगांचा घोळ दाखवायला हवा. मांजरकुळातला साक्षीदार असेल तर गोडाची चव लागत नाही, कारण गोडी टिपणारा जिभेवरचा ग्राहकच (रिसेप्टर) त्यांच्यात चालत नाही.

आणि न्यायालयात 'मला वास आला' हे कोण मान्य करणार? तिला खुनी विसाव्या पानावर कळू द्या, नंतरची दोनशे पानं ते सिद्ध करण्यात जाऊ द्या. ती वेगळी कादंबरी होईल, पण वाईट नाही.

प्रश्न : मृत्यूच्या वेळेवरून अ‍ॅलिबाय, म्हणजे खुनी तेव्हा दुसरीकडे होता असा पुरावा, रचायचा आहे. रूपधाऱ्यांमुळे काही वेगळं करता येईल का?

उत्तर : या प्रकारातली सर्वांत कमी वापरलेली युक्ती हीच आहे. माणसाचं तापमान ३७ अंश, लांडगा-बिबट्या यांचं ३८ ते ३९. मेल्यावर प्रेत तासाला ढोबळ ०.८ अंशाने गार होतं असं धरतात. समजा रूपधारी रात्री दहाला बिबट्याच्या रूपात मारला गेला, तेव्हा देह ३९ अंशांवर होता. तुमच्या जगात मृत्यूनंतर देह मूळ रूपात परततो (वरचा दहा तासांचा आणि उष्णतेचा हिशेब इथे धरलेला नाही). पहाटे चारला डॉक्टर येतात. सहा तासांत ४.८ अंश उतरून तापमान ३४.२ झालेलं असतं. त्यांना समोर माणूस दिसतो, म्हणून ते ३७ पासून मोजतात. उतार २.८ अंश, म्हणजे साडेतीन तास, म्हणजे साडेबारा. खऱ्या वेळेपासून अडीच तास पुढे. खुनी साडेबाराला शंभर माणसांत उभा होता.

खोटं पाडायला दोन दुवे ठेवा. मरणोत्तर ताठरपणा जबड्यात दोन-चार तासांत सुरू होतो. देह परतताना स्नायू नव्याने जुळले असतील तर हा ताठरपणा मोडलेला असेल, आणि तापमानाशी तो जुळणार नाही. दुसरा, रक्त साकळून पडणारे डाग. ते आठ ते बारा तासांत पक्के होतात आणि देह कसा पडला होता ते दाखवतात. बिबट्या कुशीवर पडला होता आणि माणूस उताणा सापडला, तर काही डाग कुशीच्या बाजूलाही राहिलेले असू शकतील. फक्त मधल्या काळात कुणी प्रेत उलटलं नव्हतं याची खात्री वाचकाला आधी द्या. आणि प्रत्यक्षात पहिला अर्धा-पाऊण तास तापमान फारसं उतरत नाही, अंगावरचे कपडे आणि जाड लव उतार मंद करतात. एखादा जाणता वाचक पत्र पाठवणारच, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडी 'साधारण' हा शब्द घालून ठेवा.

प्रश्न : विषप्रयोग?

उत्तर : एका रूपाला निरुपद्रवी आणि दुसऱ्याला प्राणघातक, अशी वस्तू निवडा. तापावरची पॅरासिटामॉल माणसाला चालते. मांजरीच्या यकृतात ती निकामी करणारी प्रक्रिया फार दुबळी असते, त्यामुळे तिला ती मारते. बिनसाखरेच्या च्युइंगममधला झायलिटॉल कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत पाडतो. म्हणजे खुन्याने विष दिलंच नाही, त्याने रूपांतर घडवून आणलं. पोलीस मात्र विष कुणी दिलं ते शोधत बसतात. लिहिताना एकच चूक होते : वेळ. औषध शरीरातून काही तासांत निघून जातं. वरच्या हिशेबाने रूपांतराला दहा तास लागत असतील तर गोळी रूपांतर सुरू झाल्यावर घेतलेली हवी.

प्रश्न : रूपांतर पौर्णिमेलाच होतं ही अट ठेवावी की नको?

उत्तर : ठेवायची तर पंचांग उघडून ठेवा. दोन पौर्णिमांत साडेएकोणतीस दिवस असतात, आणि चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणून 'मध्यरात्री पूर्ण चंद्र उगवला' हे लिहू नका. नियम उजेडाचा आहे की चंद्राच्या स्थितीचा, हे मात्र ठरवा. उजेडाचा असेल तर तळघरातला वाहनतळ सुरक्षित. स्थितीचा असेल तर कुठेच नाही.

प्रश्न : जनावराच्या रूपातल्या रूपधाऱ्याला मारलं तर तो खून की शिकार? माझं सगळं कथानक यावर अडलंय.

उत्तर : यावर महाभारतात जवळजवळ खटला चालला आहे. किंदम ऋषी हरणाच्या रूपात हरिणीशी रत असताना पांडूने त्यांना बाण मारला. पांडूचं म्हणणं, राजाला मृगया विहित आहे. किंदमांचं उत्तर बारकाईने वाचा. हरीण मारलंस याचा दोष मी देत नाही, पण रतिकाल संपेपर्यंत थांबायला हवं होतंस. आणि मी ब्राह्मण आहे हे तुला माहीत नव्हतं, म्हणून ब्रह्महत्येचं पाप तुला लागणार नाही, शाप मात्र भोगावा लागेल. कृत्य, माहिती आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या.

तुमच्या शहराचा कायदा याच खिळ्यावर टांगा. मारणाऱ्याला माहीत होतं का? माहीत असायला हवं होतं का? गळ्यात नोंदणीचा पट्टा बांधणं सक्तीचं असेल तर पट्टा नसलेल्याला मारणारा सुटतो, आणि खुनी सर्वांत आधी पट्टा कापतो. कापलेला पट्टा सापडला की शिकारीचा बचाव कोसळतो, कारण पट्टा कापणाऱ्याला तो कशाचा आहे हे माहीत होतं.

कबुलीजबाबावर मात्र निकाल लावू नका. १५८९ साली कोलोनजवळच्या बेडबुर्ग इथे पीटर स्टुंप नावाच्या माणसाला लांडगा होऊन खून केल्याबद्दल देहदंड झाला. सैतानाने दिलेला कमरपट्टा बांधला की मी लांडगा होतो, ही कबुली छळयंत्राच्या धाकाखाली घेतलेली होती. तुमच्या न्यायाधीशाने आधी तो पट्टा टेबलावर मागावा.